पोट भरायचे मुळाने, तोंडी लावायचे पानाने



जळोचीच्या बैठकीसाठी काढलेल्या अंकात भातावरचा लेख पाहून बारामती-इंदापूरकडचा कार्यकर्ता विचारील, "आमच्या शिवारात भात आहे कुठे? शेजारी तांदुळवाडी आहे, पण तिथे तांदूळ नावातच." म्हणणे खरे आहे. आपल्याकडे ऊस, ज्वारी, गहू, डाळिंब, द्राक्ष. पण बैठक जिल्ह्याची आहे आणि आपला जिल्हा दोन टोकांचा आहे. पश्चिमेला मावळ, मुळशी, भोर आणि राजगड म्हणजे जुना वेल्हे तालुका. तिथे पाऊस मावत नाही आणि खाचरात भाताशिवाय दुसरे काही उभे राहत नाही. पूर्वेला आपण, आपल्याला पाऊस पुरत नाही. ही दोन टोके पाण्याने बांधलेली आहेत. भाटघरचे धरण भोर तालुक्यात आहे. भाताच्या मुलखात पडलेला पाऊस नीरा डाव्या कालव्याने, १८८०च्या दशकापासून, आपल्या उसाच्या मुळाशी येतो. तेव्हा भाताचा प्रश्न परक्याचा समजू नये.

दुसरे कारण असे की गेल्या दोन-तीन हंगामांत दोन्ही टोकांकडून एकच प्रश्न आमच्याकडे येतो आहे. "रासायनिक खत कमी करून त्याऐवजी गोमूत्र, जीवामृत, गांडूळपाणी, समुद्रशेवाळाचा अर्क असले काही फवारले तर पीक तेवढेच येईल का?" विचारणाऱ्यांत खर्चाने गांजलेले आहेत, दुकानदाराने बाटली गळ्यात मारलेले आहेत आणि खत म्हणजे विष अशी व्याख्याने ऐकून आलेलेही आहेत. आमचे उत्तर आधी सांगतो, कारणे मागून देतो. पिकाचे पोट मुळातून भरते. फवारणी हे तोंडीलावणे आहे, काही वेळा ते औषधही आहे. तोंडीलावण्याने जेवण चांगले जाते. तोंडीलावणे हेच जेवण म्हणून वाढले तर माणूस उपाशी राहतो, पीकही राहते.

आधी हिशेब मांडू

एक टन भात, म्हणजे साळ, पिकवायला पीक पंधरा ते वीस किलो नत्र उचलते. एकरी सोळा क्विंटल भात धरला तर पंचवीस ते तीस किलो नत्र झाले. ते कुठून तरी आले पाहिजे.

आता पंपात बघा. एकराला दोनशे लिटर पाणी लागते. दहा टक्के गोमूत्र म्हणजे वीस लिटर. गोमूत्रात नत्र साधारण एक टक्का धरले तर सगळ्या फवारणीत दोनशे ग्रॅम नत्र गेले. दोन टक्के युरिया फवारला तर चार किलो युरिया, म्हणजे एक किलो ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम नव्हे, एक किलो आठशे चाळीस ग्रॅम नत्र. द्रावण याहून फार कडक केले तर पान करपते. म्हणजे युरियाच्या तीन फवारण्या केल्या आणि त्यातला थेंबही वाया गेला नाही असे मानले, तरी साडेपाच किलोच होतात. गरज पंचवीसची. हे गणित कोणत्याही विद्यापीठाचे नाही, चौथीच्या मुलाला येईल असे आहे. ते कोणी घालून दाखवत नाही, कारण गणित घातले की बाटली विकली जात नाही.

मग गोमूत्र, जीवामृत, पंचगव्य सगळे फोल का? आम्ही तसे म्हणत नाही. त्यांत जिवाणू असतात, वाढीला चालना देणारी द्रव्ये असतात, थोडी सूक्ष्म अन्नद्रव्येही असतात. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला ती जवळजवळ फुकट पडतात. पण ती पिकाला चालना देतात, पिकाचे पोट भरत नाहीत. भूक वाढवायची आणि ताटात काही वाढायचे नाही, असे करून कोणाचे भले होत नाही.

टाकलेले खत जाते कुठे?

दुसऱ्या बाजूलाही सुनावले पाहिजे. खत टाकले म्हणजे पिकाला मिळाले, हीदेखील समजूतच आहे. पाणी साचलेल्या खाचरात युरिया वरून फेकला तर त्यातला तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, भाताच्या वाट्याला येतो. बाकीचा अमोनियाचा वायू होऊन उडतो, पाण्याबरोबर खाली झिरपतो किंवा जमिनीतले जिवाणू त्याचे रूपांतर वायूत करून टाकतात. मुळशी-भोरच्या जुलैतल्या पावसात बांध फुटून वाहून जातो तो वेगळाच. पोते फोडणारा शेतकरी तीन मुठी फेकतो आणि पिकाला एक मूठ मिळते. एवढे करूनही पीक हिरवेगार दिसले म्हणून आणखी एक पोते पडले, तर करपा येतो, तुडतुडे येतात आणि आंबेमोहोरासारखे उंच वाण लोळते.

म्हणून खरा प्रश्न रासायनिक की नैसर्गिक हा नाहीच. पोत्यातले खत मुळाच्या तोंडात कसे घालायचे, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात तयार झालेले आहे.

चारसूत्री: घरचे आणि दुकानचे एकत्र

डॉ. नारायण सावंत हे कोकणातले मृदाशास्त्रज्ञ. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात त्यांनी भाताच्या खाचरात युरिया खोल पुरण्याच्या पद्धतीवर काम केले आणि ते ज्ञान आपल्या मुलखात आणून चारसूत्री भातशेती उभी केली. आमच्या मते घरचे आणि दुकानचे यांची सांगड कशी घालावी याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. सूत्रे चारच आहेत.

पहिले सूत्र, भाताचे भाताला परत द्या. रोपवाटिकेत वाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची आणि पहिल्या नांगरटीच्या वेळी एकरी आठ क्विंटल पेंढा जमिनीत गाडायचा. भात नत्रापेक्षा जास्त सिलिका उचलतो आणि ती पेंढ्यात व तुसातच असते. पालाशाचा मोठा हिस्सा पेंढ्यातच असतो. पेंढा विकला किंवा जाळला की तेवढे पोटॅश शेताबाहेर गेले. सिलिका मिळालेले रोप ताठ आणि कणखर होते, खोडकिड्याला आणि करप्याला सहज बळी पडत नाही.

दुसरे सूत्र, गिरिपुष्पाचा पाला. बांधावर गिरिपुष्प लावायचे आणि लावणीआधी आठवडाभर एकरी बारा क्विंटलपर्यंत हिरवा पाला खाचरात पसरून चिखलणीत गाडायचा. त्यातून एकरी चार ते सहा किलो नत्र येते. वर जे फवारणीचे आकडे दिले त्यांच्याशी हे ताडून पाहा. नैसर्गिक नत्र हवे असेल तर ते पंपात शोधू नका, बांधावर लावा.

तिसरे सूत्र, नियंत्रित लावणी. सुधारित दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर असे आलटून-पालटून अंतर ठेवायचे, दर चुडात दोन-तीन रोपे. त्यामुळे चार चुडांचा पंधरा-पंधरा सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो आणि मध्ये चालायला वाट राहते.

चौथे सूत्र, ब्रिकेट. युरिया आणि डीएपी साठास चाळीस या प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. तिथे चिखलात हवा नसते, म्हणून नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहते. चारी चुडांची मुळे हळूहळू ते खातात. वर पाऊस कितीही कोसळला तरी गोळी वाहून जात नाही. सुधारित जातींना नेहमीच्या पद्धतीत एकरी चाळीस किलो नत्राची शिफारस आहे. ब्रिकेटमधून सुमारे तेवीस किलो नत्र आणि बारा किलो स्फुरद जाते, आणि तेवढ्यावर पीक उभे राहते.

बांगलादेशात हीच गोळी "गुटी युरिया" म्हणून लाखो शेतकऱ्यांच्या हाती गेली. तिथे गावपातळीवर छोटी यंत्रे बसली आणि गोळ्या पाडून विकणे हा एक धंदाच झाला. कमी युरियात जास्त भात हा त्यांचा अनुभव आहे.

मग आपल्याकडे प्रत्येक खाचरात ही गोळी का नाही? कृषी खाते म्हणते, शेतकरी जुनाट आहे. आम्ही म्हणतो, शेतकरी हिशेबी आहे. एका एकरात पंचवीस हजार गोळ्या होतात. त्या वाकून, एक-एक करून चिखलात खोचणारे हात बहुतेक बायांचे. लावणीच्या आठ दिवसांत मजूर मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी खतात वाचलेल्या पैशापेक्षा जास्त होते. शिवाय वेळेवर गोळी मिळत नाही. अगोदर पोत्यावर अनुदान देऊन युरिया स्वस्त करायचा आणि मग तो फेकून वाया घालवतो म्हणून शेतकऱ्याला दोष द्यायचा, हा उलटा न्याय आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशाची खते नियंत्रणातून मोकळी झाली, युरिया तसाच बांधून ठेवला. एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला. आज पंचेचाळीस किलोचे युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीचे पन्नास किलोचे पोते साडेतेराशेला. पोटॅश तर अनेकांनी सोडूनच दिले. हात युरियाकडे वळतो तो अडाणीपणाने नव्हे. तसा तो वळावा अशीच किंमत ठेवलेली आहे.

फवारणी कुठे कामाची?

आता पानाकडे येऊ. पानातून पिकाला किलोने खाऊ घालता येत नाही, पण ग्रॅमने लागणारी गोष्ट नक्की देता येते. जमिनीत ती असूनही पिकाला मिळत नसेल, तर फवारणीसारखा स्वस्त उपाय नाही.

याचे भातातले सर्वांत मोठे उदाहरण मराठी माणसाच्या नावावर आहे. उत्तर प्रदेशच्या तराईत भाताला "खैरा" नावाचा रोग पडत असे. पाने तांबूस डागांनी भरायची, रोपे खुजी राहायची. बुरशी शोधणारे शोधत बसले. पंतनगरच्या विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६च्या सुमारास दाखवून दिले की हा रोग नाही, जस्ताची कमतरता आहे. उपाय एकरी एक किलो झिंक सल्फेट आणि अर्धा किलो विरवलेला चुना, दोनशे लिटर पाण्यात. चुना नसेल तर दोन टक्के युरियाच्या द्रावणात झिंक चालते. एवढ्या फवारणीने पीक वाचू लागले.

याच नेन्यांनी पुढे १९९४ मध्ये सिकंदराबादला एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशन काढले आणि १९९६ मध्ये सुरपालाचा जुना "वृक्षायुर्वेद" ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला. त्यात सांगितलेल्या कुणपजलाचा, म्हणजे प्राणिज पदार्थ आंबवून केलेल्या द्रवखताचा, त्यांनी पुरस्कार केला. झिंक सल्फेटची फवारणी शोधणारा आणि कुणपजल पुन्हा प्रकाशात आणणारा माणूस एकच होता. त्याला दोन्हींत भांडण दिसले नाही. भांडण दिसते ते व्यासपीठावरच्यांना.

समुद्रशेवाळाच्या अर्काचेही तसेच. भावनगरच्या केंद्रीय संस्थेने तयार केलेल्या अर्काचे भातावर ठिकठिकाणी प्रयोग झाले आणि उत्पन्न वाढल्याचे दिसले. पण त्यातला फायदा मुख्यतः शिफारशीच्या खताबरोबर फवारल्याचा आहे. खत काढून घेऊन नुसता अर्क मारल्याचा नाही. जाहिरातीत पहिला अर्धा भाग गाळला जातो.

फवारणीची वेळही पाहावी लागते. मुळशी-मावळात जुलैत दिवसरात्र पाऊस असतो. त्या पावसात फवारलेले द्रावण तासाभरात खाचरात आणि तिथून ओढ्यात. फवारणीनंतर तीन-चार तास तरी उघडीप पाहिजे. म्हणून आपल्या मावळपट्टीत भातावर फवारणीचा खरा काळ ऑगस्टअखेरपासून, पीक पोटरीत येताना, उघडीप मिळाली की सकाळी किंवा उतरत्या उन्हात. त्या वेळी दोन टक्के युरिया किंवा दोन टक्के डीएपीची गाळलेली निवळी दिली तर दाणा भरायला मदत होते, पळींज कमी राहते. गोमूत्र किंवा गांडूळपाणी मारायचे तर तेही याच वेळी, गाळून आणि पातळ करून. डीएपी आणि झिंक एका पंपात घालू नये, साका बसतो. आणि निंबोळी अर्काला खत समजू नये. ते किडीवरचे औषध आहे, पाच टक्क्यांनी त्याच कामाला वापरावे.

बाटलीचा धंदा

हे सगळे सांगावे लागते, कारण पानातून खाऊ घालण्याच्या कल्पनेवर एक मोठा बाजार उभा राहिला आहे. नॅनो युरिया २०२१ मध्ये आला तेव्हा अर्धा लिटरची बाटली म्हणजे एक पोते, असे सांगितले गेले. त्या बाटलीत चार टक्के नत्र होते, म्हणजे वीस ग्रॅम. पोत्यात वीस किलो सातशे ग्रॅम. पुढे नत्र वीस टक्क्यांवर नेले, तरी बाटलीत सव्वाशे ग्रॅमच्या आतच. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केले; जमिनीतून द्यायचे नत्र कमी करून नॅनो फवारले तेव्हा भात आणि गहू दोन्हींचे उत्पन्न घटले.

दुसरा बाजार "टॉनिक"चा. जैव उत्तेजके फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितले की एके काळी अशी सुमारे तीस हजार उत्पादने बिनतपासणीची विकली जात होती. तपासणी कडक झाल्यावर ती साडेसहाशेच्या आसपास उरली. उरलेल्यांचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे सांगायला मंत्री लागत नाही.

आणि तिसरे, लिंकिंग. युरिया पाहिजे तर ही बाटली घ्या. घरी गोमूत्र असलेल्या माणसाला तीनशे रुपयांची "नैसर्गिक" बाटली सक्तीने विकणे ही लूट आहे. ज्याला बाटली वापरून पाहायची त्याने जरूर पाहावी, आम्ही कोणाच्या हातातला पंप काढून घेणार नाही. पण निवड शेतकऱ्याची असली पाहिजे. सक्ती झाली तर पावती मागा, बाटलीची नोंद पावतीवर करायला लावा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

सक्ती दुसऱ्या बाजूनेही वाईटच. श्रीलंकेने २०२१च्या एप्रिल-मेमध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे उत्पादन घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी मागे घ्यावी लागली. शेतकऱ्याच्या शेतावर दुसऱ्याने हुकूम चालवला की असे होते, मग हुकूम खत घालण्याचा असो की न घालण्याचा.

उसाला यातले काय?

आपल्या भागात मुळाशी तेच गणित आहे. उसात युरिया सरीत फेकून वर पाटाचे पाणी सोडले की नत्र पाण्याबरोबर जाते आणि आधीच चोपण होत चाललेल्या जमिनीला काही मिळत नाही. माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खोडव्यासाठी एक अवजार केले आहे; ते बुडखे छाटते, बगला फोडते, जुनी मुळे तोडते आणि खत मुळाजवळ मातीत पेरते. भातातली गोळी आणि खोडव्यातले हे अवजार, दोन्हींत विचार एकच. पाचट न जाळता सरीत ठेवणे म्हणजे भातातले पहिले सूत्र. आणि चुनखडीच्या रानात खोडवा पिवळा-पांढरा पडतो, ज्याला आपण केवडा म्हणतो, तिथे लोह जमिनीत असून पिकाला मिळत नाही. तिथे दोनशे लिटरला एक किलो हिराकस फवारणे शहाणपणाचे. तिथे पानाचेच काम आहे.

या हंगामात करायचे काम

आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, दुकानदाराच्याही नको. प्रत्येक गावात एका तरी कार्यकर्त्याने एक-एक गुंठ्याचे चार तुकडे आखावेत. पहिल्यात नेहमीचे खत. दुसऱ्यात नेहमीचे खत आणि घरची फवारणी. तिसऱ्यात गोळी आणि गिरिपुष्प. चौथ्यात गोळी, गिरिपुष्प आणि फवारणी. ज्या तुकड्यांत फवारणी नाही त्यांवर त्याच दिवशी तेवढेच नुसते पाणी मारावे, म्हणजे पाण्याचा गुण औषधाच्या नावावर जमा होणार नाही. उसात हेच चार-चार सऱ्यांवर करता येईल. कापणीला चारी तुकड्यांचा माल वेगवेगळा वजन करा. वहीत चार रकाने ठेवा: खताचा खर्च, घरच्या वस्तूंचा बाजारभावाने खर्च, मजुरी आणि वजन. घरच्या बाईने गोळ्या खोचल्या असतील तर तिचीही मजुरी धरा. ती धरली नाही तर हिशेब खोटा.

जास्त क्विंटल निघाले तो तुकडा जिंकला असे समजू नका. खर्च वजा जाता ज्याने पदरात जास्त टाकले, तो जिंकला. दहा क्विंटल वाढले आणि त्यासाठी अकरा क्विंटलाचा पैसा गेला, तर ती प्रगती सरकारच्या अहवालात राहील, आपल्या घरात येणार नाही.

या वह्या पुढच्या जिल्हा बैठकीला आणायच्या आहेत. मावळ-मुळशी-भोरच्या वह्या आणि बारामती-इंदापूरच्या वह्या शेजारी ठेवून वाचू. गोळी पाडण्याचे यंत्र गावगटाने घ्यावे का, खोचण्याचे अवजार कोणाकडून करून घ्यावे, युरियालाही इतर खतांच्या रांगेत बसवून अनुदान शेतकऱ्याच्या हाती रोख द्यावे ही मागणी कशी मांडावी, हे सगळे त्या आकड्यांवरून ठरवू. आपला आकडा आपल्या हातात असला, तर बाटलीवाला आणि व्याख्यानवाला या दोघांनाही आपल्या बांधावर उभे राहून आधी हिशेब द्यावा लागेल.